पानकापी मधमाशी: सोलापुरात तिला ओळखायचं कसं आणि घर द्यायचं कसं

गुलाबाच्या पानांच्या कडेला स्वच्छ गोल काप दिसले की आपली पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असते, आणि दुकानदारही अळीचं औषध हातात ठेवून मोकळा होतो. तेवढं करू नका. ते पान कुणी खाल्लेलं नाही. एका मधमाशीनं ते मापाला कापून नेलंय, आणि तो तुकडा एव्हाना जवळच्याच कुठल्या तरी भोकात तिच्या पिलाच्या खोलीची भिंत झालाय. चार पानांना काप गेले म्हणून गुलाब वाळत नाही, कळ्याही अडत नाहीत.

ही माशी ज्यांनी कधी नीट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. ती कशी शोधायची, त्रास न देता कशी बघायची आणि गच्चीत किंवा बांधावर तिच्यासाठी मूठभर नळ्यांचं घर कसं करायचं, असा क्रम ठेवलाय. खर्च जवळपास नाहीच. सोलापूरचं ऊन मात्र प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावं लागतं, कारण थंड हवेच्या देशांतले सल्ले इथं जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी थोडी ओळख

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं. पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं आग्या मोहोळ, नाहीतर झुडपात फुलोरीचं छोटं पोळं. राणी, कामकरी, नर असा सगळा बारदाना. पानकापीचं तसं काहीच नाही. ती एकांडी. तिला राणी नाही, चाकर नाहीत, मेण नाही, मधाचा साठा नाही. प्रत्येक मादी स्वतः जागा शोधते, स्वतः पानं कापते, पिलाची शिदोरी भरते, अंडं घालते, दार लावते आणि पुढच्या खोलीला लागते. तिचं उडतं आयुष्य काही आठवड्यांचं. पिलं बाहेर येतात तेव्हा बहुतेक वेळा आई उरलेली नसते.

राखायला पोळंच नसल्यामुळे ती अंगावर धावून येत नाही. मादीला नांगी असते, पण ती मुठीत धरली किंवा कपड्यात अडकली तरच वापरते, आणि तो डंख आग्याच्या मानानं अगदी सौम्य असतो. नरांना तर नांगीच नसते. लहान मुलांना शेजारी बसवून बघण्यासारखी ही माशी आहे.

शास्त्रात तिच्या प्रजातीचं नाव मेगाकाइली. जगभरात या प्रजातीच्या १५०० हून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या सगळ्याच पानं कापत नाहीत. काही झाडाचा डिंक वापरतात, काही चिखल. कडीच्या भोकात मातीचं लिंपण दिसलं की आपण कुंभारीण म्हणतो. ती कधीकधी याच प्रजातीतली मधमाशी असते. पानं कापणाऱ्या जातींच्या जबड्यात दातांच्या मधे पातळ धार असते. त्या धारेवरच हा सगळा उद्योग चालतो.

पायरी पहिली: माशी नको, पान शोधा

माशी क्षणात नाहीशी होते, पान जागेवर राहतं. म्हणून सुरुवात पानापासून करा. गुलाब, तूर, कांचन, आपटा आणि बोगनवेल ही तिची आवडती झाडं. मऊ, पातळ आणि फार लव नसलेलं पान तिला बरं पडतं. बोगनवेलीची तर रंगीत पानंही ती उचलते.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या घरी येतात तेव्हा सोनं वाटण्याआधी पानं एकदा उलटसुलट करून बघा. कडेला नखानं काढल्यासारखी गोलाई गेलेली पानं त्यात बऱ्याचदा सापडतात.

काप दोन तऱ्हेचे असतात. एक लांबट, अंडाकृती, ते भिंतीसाठी. दुसरे जवळजवळ पूर्ण गोल आणि जरा लहान, ते झाकणासाठी. दोन्ही पानाच्या कडेपासूनच आत गेलेले असतात आणि कापलेली कड अगदी साफ असते. अळीनं खाल्लेल्या पानाची कड वेडीवाकडी असते आणि खालच्या पानावर काळ्या लेंड्या पडलेल्या दिसतात. नाकतोडा मोठे लचके तोडतो. सोंडे भुंगेरे कडेला बारीक बारीक खाचा पाडतात. लेंड्या नाहीत, जाळं नाही, अळी नाही आणि तरी मापातले काप आहेत, तर पानकापी जवळपास आहे असं खुशाल समजा.

पायरी दुसरी: पोटाखाली बघा

आकार साधारण सातेरी मधमाशीएवढा, जातीप्रमाणे थोडा लहान-मोठा. अंगानं जरा रुंद, डोकं मोठं, जबडे ठळक. रंगावर जाऊ नका, तो जातीगणिक बदलतो. नेमकी खूण पराग कुठं आहे ती. साध्या मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या असतात. पानकापीच्या पायांवर काहीच नसतं; तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला केसांचा दाट ब्रश असतो आणि पराग त्यात भरलेला असतो. फुलावर ती बऱ्याचदा पोटाचं टोक वर उचलून बसते, तेव्हा खालची पिवळी किंवा केशरी धूळ स्पष्ट दिसते. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की मग दहा हातांवरूनही ओळख पटते.

कुठं बघायचं? शहरात तुळस आणि सब्जा. तुळशी वृंदावनाला मंजिऱ्या आल्या की त्या खुडून टाकायची घाई करू नका, थोड्या राहू द्या. शेतात तूर, ताग, लसूणघास. सोलापूर जिल्ह्यात मृगाच्या पावसावर पेरलेली तूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुलोऱ्यात येते. नवख्या माणसानं सुरुवात करायला याहून चांगला हंगाम नाही.

तुरीचं आणि हिचं नातं समजून घेण्यासारखं आहे. तुरीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन जुळलेल्या पाकळ्यांच्या होडीत झाकलेले असतात. जडशी माशी त्या होडीवर बसली की होडी दबते, केसर बाहेर येतात आणि थेट तिच्या पोटाच्या ब्रशला लागतात. पराग पोटावर कोरडा, मोकळा असल्यानं पुढच्या फुलात तो सहज सांडतो. मधमाशीच्या पायावरची गोळी मात्र मकरंदानं भिजवून चिकटवलेली असते, ती सांडत नाही. लसूणघासाच्या फुलात तर केसर झटक्यात उसळून माशीच्या डोक्यावर आदळतात. साध्या मधमाश्या तो फटका टाळून बाजूनं मकरंद चोरायला शिकतात, पानकापीला त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच अमेरिका आणि कॅनडात लसूणघासाचं बियाणं तयार करणारे शेतकरी मेगाकाइली रोटुंडाटा ही जात मुद्दाम पाळतात, शेतात तिच्यासाठी नळ्यांच्या पेट्या मांडतात.

पायरी तिसरी: बसून बघा

यासाठी सकाळी नऊ ते बारा ही वेळ उत्तम. ऊन हवं, ढगाळ, गार सकाळी ती बाहेर पडत नाही. ताजे काप दिसलेल्या कुंडीपासून दोन हातांवर बसा, आपली सावली झाडावर पडू देऊ नका, आणि मोबाइल आधीच तयार ठेवा.

ती येते तेव्हा आधी एक-दोन पानांवर बसून उठते. मग एक पान पसंत पडतं. पानाच्या कडेवर ती अशी बसते की कड दोन्ही बाजूंच्या पायांमधे येते. जबड्यानं कड धरते आणि कमानीत कापत पुढे सरकते. कापलेला भाग पोटाखाली पायांत आवळला जात असतो. शेवटचा धागा तुटायच्या ऐन आधी पंख सुरू होतात. हे नक्की बघा. ज्या तुकड्यावर ती लटकलेली असते तोच तुटणार असतो, म्हणून ती आधीच उडायला लागलेली असते. तुकडा सुटतो आणि ती पोटाखाली हिरवी घडी धरून सरळ रेषेत निघून जाते. सगळा खेळ काही सेकंदांचा.

आता ती कुठं जाते त्यावर नजर ठेवा. जुन्या माळवदाच्या घरांत तुळईत भुंगेऱ्यांनी केलेली भोकं, दगडांमधल्या सांधी, पांढऱ्या मातीच्या भिंतीतली छिद्रं ही तिची मूळची घरं. फ्लॅटमधे दरवाजाच्या कडीचं भोक, खिडकीच्या चौकटीतली पन्हळ, रिकामा स्क्रू-होल, एसीच्या पाण्याची बारीक नळी. ती बहुतेकदा तयार पोकळीच निवडते. सुतार भुंग्यासारखं लाकूड ती पोखरत नाही, म्हणून घराच्या लाकडाला तिच्यापासून धोका नाही.

आतलं काम बाहेरून दिसत नाही, पण जुनी भरलेली नळी उकलली की सगळं समजतं. लांबट तुकडे ती एकावर एक चढवत गोल बसवते, तळाशी कडा दुमडते, आणि पानाच्या चावलेल्या कडांचा रस व लाळ यांनी ते चिकटवते. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका तेंदूचं पान मापाला कापून, वळून, टोक दुमडतात, तसंच हे काम, फक्त आतल्या बाजूनं केलेलं. या हिरव्या पेल्यात ती पराग आणि मकरंद भरते. मकरंद तोंडातून ओतायचा म्हणून ती डोक्याकडून आत जाते. मग वळून पाठमोरी शिरते आणि मागच्या पायांनी पोटावरचा पराग झाडते. भोकाशी ही उलटसुलट ये-जा दिसली की समजा, शिदोरी भरणं चाललंय. शिदोरी पुरेशी झाली की तिच्यावर एकच अंडं घालते. मग गोल तुकडे. हे झाकण ती लांबच्या झाडावर, नळी समोर नसताना कापते, आणि तरी ते तोंडाशी घट्ट बसतं. एकावर एक अशी अनेक झाकणं दाबून खोली बंद होते आणि त्यावरच पुढच्या खोलीचा तळ सुरू होतो. नळी तोंडापर्यंत भरली की शेवटी झाकणांचं जाड बूच.

खोल्यांचा क्रमही ठरलेला. मागच्या खोल्यांत मुली, दाराजवळच्या खोल्यांत मुलगे. नराशी मीलन झाल्यावर मादी त्याचं वीर्य पोटातल्या पिशवीत साठवून ठेवते आणि प्रत्येक अंड्याला ते द्यायचं की नाही हे तिच्याच हातात असतं. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर. नर आधी तयार होतात आणि आधी बाहेर पडतात, म्हणून त्यांची जागा दाराशी. मागून येणाऱ्या बहिणींची वाट त्यामुळे मोकळी राहते.

पायरी चौथी: नळ्या तयार करा

बाजारात आणि ऑनलाइन ‘बी हॉटेल’ म्हणून सजवलेल्या मोठ्या पेट्या मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की त्या घेऊ नयेत. एकाच ठिकाणी शंभर नळ्या असल्या की तिच्या शत्रूंनाही एकच पत्ता पुरतो, बुरशी आणि रोग एका खोलीतून दुसरीत जातात. त्यापेक्षा दहा-बारा नळ्यांच्या दोन जुड्या वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या बऱ्या.

नळीची आतली रुंदी ६ ते १० मिलिमीटर, लांबी १२ ते १५ सेंटिमीटर. सगळ्या एकाच मापाच्या करू नका, कारण आपल्याकडे कुठल्या आकाराची जात येईल हे आधी सांगता येत नाही. नळी फार आखूड असली तर त्यात नरच जास्त निपजतात. मागचं टोक बंद हवंच. आरपार नळीत ती सहसा घरटं करत नाही.

साहित्य इथं मुबलक आहे. बुरुडाकडून बारीक बांबू आणा आणि पेराच्या गाठीच्या मागे कापा, म्हणजे एक टोक आपोआप बंद राहतं. वाळलेल्या एरंडाच्या पोकळ फांद्या चालतात. बोरू मिळाला तर फारच छान. काहीच नसेल तर साध्या पेन्सिलवर कोरा जाड कागद तीन-चार वेढे गुंडाळा, कड चिकटवा, पेन्सिल ओढून घ्या आणि मागचं टोक दुमडून मातीनं बंद करा. पेन्सिलची जाडी साधारण ७ मिलिमीटर असते, म्हणजे माप आयतं मिळतं. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ आणि पाइप वापरू नका. शिदोरीतला ओलावा बाहेर जायला वाट राहत नाही आणि आत बुरशी धरते.

ड्रिल मशीन असेल तर बाभळीच्या किंवा लिंबाच्या वाळलेल्या ओंडक्यात भोकं पाडा. ओंडक्याला रंग, वॉर्निश, वाळवीचं औषध काहीही नको. भोकाचं तोंड पॉलिश पेपरनं घासा. कुसं राहिली तर तिचे पंख फाटतात.

नळ्या एखाद्या रिकाम्या डब्यात आडव्या, घट्ट बसवा. डब्याची वरची कड नळ्यांच्या दोन बोटं पुढे आली पाहिजे, म्हणजे पावसाची झड आत जाणार नाही. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, तेव्हा लाकडी खोकं किंवा मातीचं मडकं आडवं करून घ्या.

पायरी पाचवी: जागा

इथं सगळ्यात जास्त विचार करा. इंग्लंड-अमेरिकेतल्या सूचनांत ‘दिवसभर ऊन मिळेल अशी दक्षिणेची भिंत’ असं असतं. सोलापुरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या तापलेल्या भिंतीवर नळीतली अळी भाजून निघेल. पूर्वेची बाजू निवडा. सकाळचं कोवळं ऊन तोंडावर पडावं आणि अकरा-बारानंतर सावली यावी. छज्जाखालची भिंत, गच्चीतल्या टाकीच्या पूर्वेचा आडोसा, शेतात लिंबाच्या बुंध्याची पूर्वेची बाजू. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत. डबा वाऱ्यानं हलता कामा नये, त्यामुळे टांगू नका, खिळ्यांनी घट्ट ठोका.

मुंग्या हा इथला खरा प्रश्न. डबा स्टँडवर असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या कपाटाला जुन्या घरांत ठेवायचे तसे. भिंतीवर असेल तर खिळ्यांभोवती ग्रीस लावा. मुंग्यांची पावडर टाकाल तर माशीही मरेल. पालींसाठी डब्याच्या तोंडापुढे मोठ्या जाळीची तार बसवता येते, पण जाळी नळ्यांपासून वीतभर पुढे ठेवा, म्हणजे माशीला घिरट्या घ्यायला जागा राहील.

तीस-चाळीस पावलांत फुलं आणि कापायला पानं दोन्ही हवीत. कुंडीत एक देशी गुलाब, दोन सब्जा, एक तुळस, कुंपणाला चार तुरी एवढं पुरतं. कॅनडात टोरोंटो शहरात अभ्यासकांना काही माश्यांच्या घरट्यांत पानांच्या जोडीनं प्लॅस्टिक पिशवीचे तुकडे वापरलेले सापडले होते. २०१३ मधे ते प्रसिद्ध झालं. कापायला चांगली पानं जवळ ठेवणं म्हणूनच घराइतकंच गरजेचं.

फवारणीबद्दल

बाकी मधमाश्यांना फुलातून विष पोचतं. पानकापीला फुलातून पोचतं आणि पानातूनही, कारण तिच्या पिलाची खोलीच त्या पानाची असते. झाडात भिनणारी आंतरप्रवाही औषधं म्हणून हिच्यासाठी दुप्पट वाईट. युरोपीय संघानं इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मधे मधमाश्यांच्या कारणानं बंद केला. घरच्या गुलाबावर तर यांची गरजच नाही. माव्यासाठी पाण्याची जोरदार फवार किंवा साबणाचं सौम्य पाणी पुरतं.

शेतात तुरीवर घाटेअळी येते आणि ती नेमकी फुलोऱ्यातच येते, तेव्हा शेतकऱ्याला ‘फवारूच नका’ म्हणणं बरोबर नाही. फवारणी करायचीच तर दिवस कलल्यावर, माश्या घरी परतल्यावर करा. आधी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, पक्ष्यांसाठी थांबे उभे करा, निंबोळी अर्क वापरून बघा. शेजारच्या वावरात फवारणी होणार असेल तर नळ्यांचा डबा रात्री ओल्या गोणपाटानं झाकता येतो. सकाळी वास गेला की काढा.

पायरी सहावी: नळी भरल्यावर

बूच बसलेली नळी हलवू नका, उपटून कानाशी नेऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत अंडं शिदोरीच्या गोळ्यावर नुसतं टेकलेलं असतं, ते धक्क्यानं निसटतं. आत अळी बाहेर येते, शिदोरी संपवते, कोष विणते आणि त्यात रूपांतर होतं. उबदार दिवसांत काही आठवड्यांत नवी माशी तयार होते. काही अळ्या मात्र कोषातच झोपून महिनेच्या महिने काढतात. त्यामुळे नळी उघडली नाही म्हणून ती मेली असं समजू नका.

डब्याभोवती टोकदार, निमुळत्या पोटाची एक माशी रेंगाळताना दिसेल. ती सिलिऑक्सिस, याच कुळातली. ती स्वतः पराग गोळा करत नाही. पानकापी बाहेर गेली की तिच्या खोलीत अंडं घालते, आणि तिची अळी मूळ अंडं किंवा अळी मारून शिदोरी खाते. तिला मारू नका. ती दिसते याचा अर्थ आसपास पानकापी भरपूर आहेत.

नळी उघडली की बुचाकडे नीट बघा. मधोमध माशीच्या अंगाएवढं भोक असेल तर आतून माशी बाहेर आली. टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं असतील तर परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. ती नळी बाजूला काढा.

एकदा वापरलेली नळी पुन्हा देऊ नये, तिच्यात माइट (अगदी बारीक किडे) आणि बुरशी राहते. पण काही खोल्यांत अजून कोष असू शकतात, म्हणून जुन्या नळ्या फेकू नका. त्या एका खोक्यात घाला, खोकं बंद करा, बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि सावलीत ठेवा. उरलेल्या माश्या उजेडाच्या दिशेनं बाहेर पडतात आणि परत आत सहसा शिरत नाहीत. नव्या माद्या बऱ्याचदा जन्मल्या त्याच आवारात जागा शोधतात, तेव्हा संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच नव्या नळ्या कापून जुन्याच जागी, त्याच तोंडानं बसवून टाका.